यंत्राचा धर्मपिता

३ मार्च
आमच्या फरश्यांच्या कारखान्यातल्या यंत्रदुरुस्तीच्या मेलितोनने आज माझ्या बाकाशेजारी एक पेटी ठेवली. "कोंपाद्रे, तुम्ही नेहमीसारख्या फरश्या वाजवा. ही नुसती ऐकेल." त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्यात धर्मपिता मी झालो, म्हणून आम्ही एकमेकांना कोंपाद्रे म्हणतो. आमच्यात लपवाछपवी नसते. वाजवत राहिलो — खणखणीत ती चांगली, बद्द वाजली ती तडकलेली. पण पेटी कशासाठी ऐकते? विचारायला हवं होतं.

२० मार्च
पेटीला पोलादी हात बसवलाय. माझ्याच ठेक्यात वाजवतो. चुकत नाही, हेच वाईट. मी बसायचो शेवटी, फरश्या रंगवून दुसऱ्यांदा भाजल्यावर. हा रंग चढण्याआधीच सगळ्या फरश्या तपासतो. दुसऱ्या भट्टीचा गॅस वाचतो, तडकलेली दळून पुन्हा मातीत जाते. "ओढ्यात आता फुटक्या फरश्यांचे तुकडे पडणार नाहीत," मेलितोन म्हणाला. ओढ्याचं ठीक. माझं काय? तो नुसता हसला.

२ एप्रिल
बाक उचलून नेला. रंगकामाच्या बायका म्हणाल्या, "डॉन एउसेबियो, आता त्या यंत्राला आजोबा म्हणायला शिकवा." मेलितोन नजर चुकवत होता. माझ्याच हातांनी त्याने माझी जागा काढून घेतली.

वर म्हणतो, पाद्री यंत्राला आशीर्वाद देणार आहेत, धर्मपिता तुम्हीच व्हा. "मालकीणबाईंना मीच तुमचं नाव सुचवलं. नाही म्हणू नका, कोंपाद्रे. आणि का ते विचारू नका."

तरी विचारलं. तो यंत्राकडे निघून गेला.

१४ एप्रिल
पाद्रींनी पाणी शिंपडलं. मालकीण डोन्या रेफुखियोंनी माझ्या शर्टाला फीत लावली. टाळ्या झाल्या. मेजावर मोलेचा तिखट रस्सा, भात. ताट बाजूला सारलं.

उठलो. फीत काढून यंत्राच्या हाताला बांधली. "ज्याने मला माझ्या बाकावरून उठवलं, त्याचा बाप मी होणार नाही. दुसरा शोधा."

बाई पांढऱ्याफटक पडल्या. त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. मेलितोन पुटपुटला, "हे काय केलंत, कोंपाद्रे?"

बरं वाटलं. किती दिवसांनी!

१६ एप्रिल
फाटकावरच कामावरून काढल्याचं सांगितलं. मेलितोनचं तोंड पाहणार नाही.

१७ एप्रिल
त्याची बायको ओतिलिया आली. बसलीसुद्धा नाही. "ह्यांना मार्चमध्येच काढायचं ठरलं होतं, यंत्र चालू करून देईपर्यंत ठेवलं होतं. तुम्ही तरी कामावर राहावं म्हणून ह्यांनी तुम्हाला धर्मपिता केलं. धर्मपित्याला हाकलायला बाई देवाला भितात. आधी सांगितलं असतं, तर तुम्ही ह्यांच्यासाठी बाईंशी भांडायला गेला असता."

मेलितोन अंगणाबाहेर उभा आहे. त्याला आत बोलवायचा धीर होत नाही.