लॅपटॉपच्या पोटातला बुरणूस

नारिन,
रविवारनंतरची सकाळ

चिरंजीव तालाय यास,

तुझ्या जेझ्देचे (म्हणजे ज्याची टवाळी करायची मुभा तुला आमच्या लग्नाच्या दिवशी मिळाली आणि जी तू आजतागायत वाया जाऊ दिली नाहीस, त्या बहिणीच्या नवऱ्याचे) आशीर्वाद. हातपाय धड आहेत ना? पोटात वेळेवर काही गरम पडतं ना? बुसानच्या गोदीत जहाजं रंगवणाऱ्या माणसाकडे मेंढ्या असण्याचा संभव नाही, पण तो प्रश्न गाळून पत्र सुरू केलं तर माझे वडील थडग्यात उठून बसतील. तेव्हा, मेंढ्या सुखरूप आहेत ना? इकडे अपा (तुझ्या आई, माझ्या सासूबाई) बऱ्या आहेत. तुझी बहीण बुरुलही बरी आहे (माझ्यावर चिडलेली आहे, म्हणजे बरीच आहे). मी संस्कृत शिकून शाळेत भूगोल शिकवतो, तो अनर्थ पूर्ववत चालू आहे. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर तू "सगळं ठीक" एवढं बोलून मोकळा होतोस. पत्र असं मध्येच तोडता येत नाही.

विषय तुझ्या लॅपटॉपचा. परदेशी जाताना तू तो अपांच्या हवाली केलास, त्यातला तो घोड्यांचा खेळ शिकवलास, आणि तेव्हापासून दर रविवारी तुम्ही मायलेक त्या खेळातल्या बर्फाळ डोंगरांत घोड्यावर बसून भेटता. अपांनी अजून एकाही दरोडेखोरावर तलवार उगारलेली नाही. आधी त्या त्याला तो कोणत्या गावचा, कुणाचा, हे विचारतात, आणि तेवढ्यात तो त्यांना मारून मोकळा होतो. पण एक गोष्ट त्या बरोबर सांगतात. फोनवर मुका असलेला त्यांचा मुलगा खेळात घोडा बांधला आणि शेकोटी पेटवली की बोलायला लागतो. आणि गेले काही रविवार काय होतंय? पंखा धापा टाकतो, यंत्र तव्यासारखं तापतं, तू म्हणतोस, "अपा, एक सांगायचं होतं. मी इकडे..." आणि पडदा काळा. दरवेळी नेमका तिथेच. पहिल्या खेपेला अपांनी ठरवलं, तुझा हात मोडलाय. पुढच्या खेपेला पाय. तिसऱ्या खेपेनंतर त्या रात्रभर तुझे उरलेले अवयव मोजत बसल्या असाव्यात, कारण सकाळी त्यांचे डोळे लाल होते आणि त्या चुलीच्या धुराला दोष देत होत्या. चूल पेटलेली नव्हती. तेव्हा मी ठरवलं, येत्या रविवारच्या आत हे यंत्र थंड केलं नाही तर नावाचा कालिस नाही.

बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने यंत्र न उघडताच "नवा घ्या" म्हणून सांगितलं. नाडी न बघता तिरडी सुचवणारा वैद्य मला पटत नाही, म्हणून मी ते बगलेत मारून परत आणलं. घरी अपांची चिकित्सा आधीच चालू होती. (आमच्या संस्कृत वैद्यकशास्त्रात स्नेहन आणि स्वेदन असे उपचार आहेत, म्हणजे तेल लावा आणि घाम काढा. अपांनी ते शास्त्र वाचलेलं नाही. त्या ते थेट करतात.) अंगात ताप आहे, धाप लागलीय, तर कोकराला करतात तेच त्यांनी यंत्राला केलं होतं: गादीवर निजवायचं आणि वरून दाबलेल्या लोकरीचा बुरणूस. तोही साधा नव्हे. खास त्याच्या मापाचा, मेंढ्याच्या शिंगांची नक्षी असलेला, स्वतःच्या हाताने शिवलेला अभ्रा, आणि तो बाजूच्या सगळ्या जाळ्या झाकून असा घट्ट बसवलेला, की हवेला आत जायचं तर माझ्या सासूची परवानगी लागावी. यंत्र का तापतं ते मला त्याच क्षणी कळलं. पण जावयाने सासूच्या बुरणुसाला नाव ठेवायचं, हे आपल्याकडे आजवर कुणी करून जिवंत राहिलेलं नाही. मी नुसता पेचकस काढला.

यंत्र बंद केलं, पाठ उघडली, बॅटरीची तार सोडवली. स्क्रू लहानमोठे, कुठला कुठचा ते कळावं म्हणून मी ते वेगवेगळ्या पियाल्यांत ठेवले आणि ओळीने मांडले. मी ब्रश आणायला उठलो. परत येतो तो प्रत्येक पियाल्यात चहा. अपा किटली खाली ठेवत म्हणाल्या, "समोर रिकामे पियाले, आणि कुणाला काही वाटत नाही. माझ्या घरात." नशीब एवढंच, की चहा मानाचा ओतला होता, तळाशी घोटभर, त्यामुळे स्क्रू फक्त कमरेपर्यंत भिजले. मी ते एकेक करून पुसले. बुरुलने विचारलं, हे चाललंय तरी काय. मी म्हटलं, तर्पण. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती निघून गेली.

मग पंखा. तालाय, मला धुळीची अपेक्षा होती. निघाला तो बुरणूस. अपा त्याच खोलीत हिवाळाभर लोकर पिंजतात. तिचे तंतू आत गेले, पंख्याने ते फिरवले, उष्णतेने आणि चहाच्या वाफेने ते दाबून बसवले, आणि जाळीच्या तोंडाशी बोटभर रुंदीची एक खरीखुरी घट्ट पट्टी तयार झाली. पंखा बोटाने धरून, चिमट्याने ती मी अखंड बाहेर काढली. अपांनी ती उजेडाकडे धरली, ताणली, नखाने खरवडली. "करड्या मेंढीची आहे. माझीच. बैठक चांगली आलीय. पंख्याचा हात बसलेला आहे." मग त्यांनी तो अभ्रा मांडीवर घेतला, त्याची शिंगांची नक्षी चाचपली, आणि हळूच म्हणाल्या, "म्हणजे पोराचं तोंड मीच बांधत होते." मी संस्कृतात पारंगत आहे, कालिस म्हणजे निःपक्ष असा माझ्या नावाचा अर्थ सांगतो, पण त्या वेळी मी न्याय द्यायचा सोडून नुसता चिमटा पुसला. मी म्हटलं, "अपा, अजून पेस्ट बाकी आहे."

ही थर्मल पेस्ट म्हणजे चिप आणि तिची उष्णता वाहून नेणारी तांब्याची नळी यांच्यामधला लेप. जुना लेप दही वाळवून केलेल्या कुरुतासारखा वाळून खडखडीत झाला होता (कुरुत निदान चघळता तरी येतं). दवाखान्यातून आणलेल्या स्पिरिटने मी तो पुसून काढला. पेस्टची नवी ट्यूब बिश्केकहून टॅक्सीवाल्याबरोबर मागवली होती. मधल्या काळात अपांनी मेंढीच्या शेपटीची चरबी सुचवली, जिने बरा झाला नाही असा जीव त्यांनी पाहिलेला नाही. मी ठाम नकार दिला. मग मी पेस्टचा वाटाण्याएवढा ठिपका चिपवर ठेवला. अपांनी तो पाहिला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी त्या लग्नात मांस मोजून वाढणाऱ्या घराकडे बघतात. "एवढंसं? पाहुण्याला लोणी असं वाढतात?" मी सुशिक्षित माणूस आहे, पण शेवटी जावई आहे. आणखी पिळली. त्या बघतच होत्या. आणखी पिळली. स्क्रू आवळायला लागलो तसा चारी बाजूंनी राखाडी चिखल बाहेर आला.

पुन्हा उघडलं, पुन्हा पुसलं, पुन्हा स्पिरिट. पण या खेपेला आधी अपांना म्हटलं, "तुम्ही माझ्या पियाल्यात काठोकाठ चहा ओतलात तर मी काय समजायचं?" त्या म्हणाल्या, "ऊठ आणि घरी जा." मी म्हटलं, "आणि घोटभर ओतलात तर?" अपांनी चिपकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "मग मघाशी माझ्याकडून तिचा अपमान कशाला करवून घेतलास?" पुढचा ठिपका त्यांनी स्वतः ठेवला. वाटाण्याएवढा. मानाचा. मी स्क्रू थोडे इकडे, थोडे तिकडे, आडव्या क्रमाने आवळले.

काल रविवारी यंत्र उघड्या लाकडी मेजावर, माझ्या संस्कृत कोशाच्या दोन खंडांवर, जाळ्या मोकळ्या ठेवून बसवलं. (या गावात त्या कोशाचा झालेला हा पहिला उपयोग.) तास गेला, दुसरा गेला. यंत्र निजलेल्या कोकरासारखं श्वास घेत होतं. तुम्ही दोघांनी शेकोटी पेटवली. आणि तू, तालाय, खोगिराविषयी बोललास. हवेविषयी बोललास. बुसानच्या माशांविषयी इतकं बोललास, की कुठल्याही माशाला इतका मान मिळाला नसेल. "एक सांगायचं होतं" पर्यंत दोनदा आलास, थांबलास, आणि पडदा काळा होण्याची वाट पाहिलीस. पडदा काळा झाला नाही. मग तूच म्हणालास, "झोप आली, अपा," आणि गेलास. रिकाम्या पडद्यासमोर अपा कितीतरी वेळ बसून होत्या.

आता यंत्रामध्ये दोष उरलेला नाही, हे तुला कळवावं, एवढाच या पत्राचा हेतू. काळजी घे. इत्यलम्.

तुझा जेझ्दे,
कालिस

ता. क. ती पट्टी अपांनी फेकू दिली नाही. त्या सध्या करताहेत त्या नव्या बुरणुसाच्या कोपऱ्यात शिवून टाकलीय.

ता. क. दुसरा. या पत्राबरोबरच्या पार्सलमध्ये मेंढीच्या शेपटीच्या चरबीची एक बाटली आहे. ती यंत्रासाठी नाही, तुझ्यासाठीही नाही. काल दोन तास तुझ्या पाठीमागे कुणीतरी खोकत होतं. मी मान डोलवत मासे ऐकत होतो. अपा खोकला ऐकत होत्या. त्या म्हणतात, बाईमाणसाचा आहे, कोरडा आहे, रात्री छातीला चोळून वर लोकरीचं काहीतरी पांघरायला दे. मी हे तुला सांगितलं असं अपांना कळू देऊ नकोस. पुढच्या रविवारी मासे वगळून आधी ते वाक्य पूर्ण कर.

ता. क. तिसरा, आणि हा अपांनी माझ्या खांद्यावरून वाचत सांगितलेला, तेव्हा वरचा गुपिताचा भाग रद्द समज. नवा बुरणूस मोठा आहे, दोघांना पुरेल असा. तिला लाल आवडतो की तपकिरी, ते विचारून कळव. नक्षीची लोकर रंगवायची थांबली आहे.