टवका उडालेली बटणं

कावानिशी,
३ नोव्हेंबर १९६६

चि. तेत्सुरो यास,
अ. उ. आ.

टोकियोत बसून तू लोकांच्या कारखान्यांना सल्ले देतोस आणि वर पैसेही घेतोस. आज सख्ख्या बहिणीला एक सल्ला फुकट दे. ओसाकाचे शर्टवाले वैतागलेत. आपल्या शिंपल्याच्या बटणांत शंभरामागे सात टवका उडालेली निघतात. फेब्रुवारीत त्यांचा माणूस बघायला येणार आहे. दोनाच्या वर निघाली तर ऑर्डर बंद, आणि ती बंद झाली की आपल्या कारखान्याला कुलूपच.

बाबांनी कारभार माझ्यावर सोपवलाय खरा, पण ते रोज सहा बायकांच्या रांगेत भोकं पाडायच्या यंत्रावर बसतात आणि मला मालकीणबाई म्हणून चिडवतात. मी काय वाचू ते कळव. पुस्तक जाड असलं तरी चालेल, पण तुझ्यासारखं पाल्हाळ लावणारं नको. पर्सिमनची वाळवलेली फळं पाठवलीत. एकट्यानं संपवू नकोस.

लोभ असू दे, आळस नको.
सायोकोताई


टोकियो,
११ नोव्हेंबर

ती. सायोकोताईस,
शि. सा. न. वि. वि.

पर्सिमन एकट्यानंच संपवले. क्षमा असावी.

तीन पुस्तकं पाठवतोय. निळ्या पुठ्ठ्याचं मोजदादीवर आहे. आकड्यांनी डोकं फिरलं तर तिसरं प्रकरण सोड, मीही सोडलं होतं. चित्रांचं आहे ते मुकादमांसाठी लिहिलेलं. इथल्या कारखान्यांत जेवणाच्या सुट्टीत सगळे गोल बसून ते पाळीपाळीनं मोठ्यानं वाचतात. तुम्हीही वाचा. तिसरं अमेरिकन पुस्तकाचं भाषांतर. माझ्या साहेबांना त्याचं वेड आहे, मला झोप येते. ते शेवटी घे.

वाचून होईपर्यंत एवढं कर. प्रत्येकाला फुटक्या बटणांचं वेगळं ताट दे आणि रोजचा आकडा नावासकट भिंतीवर लाव.

बाबांना नमस्कार. माझ्या चुकांसकट लोभ असावा.
तेत्सुरो


कावानिशी,
१४ डिसेंबर

चि. तेत्सुरो यास,
अ. उ. आ.

वाचन जोरात चाललंय. यंत्रावरच्या नोझुएबाई तर असं वाचतात की चित्रातला मुकादमसुद्धा दचकेल. तुझं अमेरिकन पुस्तक मी पूर्ण वाचलं. झोप नाही आली, तुलाच काही कळलं नसेल.

पण भिंतीवरचा तक्ता बघून मला जेवण गोड लागत नाही. एकेका बाईच्या ताटात रोज पाच-सहा फुटकी बटणं, आणि बाबांच्या ताटात ऐंशी. महिनाभर हेच. त्यांचं वय अडुसष्ट. चाळीस वर्षं त्या यंत्रावर काढलेल्या माणसाला उठा म्हणून कसं सांगू? तुझ्या पुस्तकांत यावर एक ओळ नाही. लवकर लिही, मला काही सुचत नाही.

तुझी,
ताई


टोकियो,
१८ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दोनदा लिहून फाडलं. परक्याच्या कारखान्यात मी हे चटकन सांगितलं असतं. आकडे स्पष्ट आहेत. बाबांची नजर गेली असणार. नवीन वर्षाची सुट्टी संपली की त्यांना विश्रांती घ्यायला सांग. ओसाकाचा माणूस येईल तेव्हा ते यंत्रावर नसावेत. ज्यांनी मला भोक पाडायला शिकवलं त्यांच्याबद्दल हे लिहितोय, माझं मला वाईट वाटतंय. सांगताना जपून सांग.

राग आला तर माझ्यावर काढ.
तेत्सुरो


कावानिशी,
२० जानेवारी १९६७

चि. तेत्सुरो यास,
अ. उ. आ.

आपण दोघं शिकलेली गाढवं आहोत.

मी बाबांना जपून सांगितलं. त्यांनी यंत्र पुसलं, एप्रनची घडी केली, बरं म्हणाले आणि घरी गेले. दुसऱ्या दिवसापासून सहाच्या सहा ताटं भरायला लागली! दहाव्या दिवशी नोझुएबाई रडत माझ्याकडे आल्या. भिंतीवर नावं लागली तेव्हापासून बाबा रोज सगळ्यांची फुटकी बटणं गुपचूप आपल्या ताटात ओतून घ्यायचे म्हणे. पोराबाळांच्या आयांची नावं भिंतीवर कशाला, माझं म्हाताऱ्याचं काय जातंय, असं म्हणायचे. त्यांची स्वतःची दिवसाला तीनसुद्धा नसायची.

मग बटणं का फुटतात? शेवटी नोझुएबाईंनीच सांगितलं की शिंपले नीट भिजतच नाहीत, म्हणून भोक पाडताना तडकतात. जुलैत घाईची ऑर्डर आली तेव्हा भिजवायचे सात दिवस मीच चारावर आणले होते. मी, मालकीणबाईंनी! परत सात केलेत. भिंतीवरची नावं काढली.

चटईवर डोकं टेकून बाबांची माफी मागितली. चहा गार होतोय, एवढंच म्हणाले. फार लाज वाटते रे.

ताई


कावानिशी,
२३ फेब्रुवारी

चि. तेत्सुरो यास आशीर्वाद.

ओसाकाचा माणूस काल येऊन गेला. शंभरामागे दीड निघाली. ऑर्डर राहिली. मी परत यंत्रावर आहे, नजर चांगली आहे. तुझं माफीचं पत्र मिळालं. अक्षर अजून वाईटच आहे.

शिंपले कच्चे भिजलेत हे माझ्या बोटांना जुलैतच कळलं होतं. सहाजणींसमोर सायोकोची चूक कशी काढायची, म्हणून गप्प बसलो, आणि पुढे ताटांचीही लपवाछपवी केली. ती माझी चूक. तिच्याजवळ कबूल केली.

घरी बसलो होतो तेव्हा तुझं चित्रांचं पुस्तक वाचून काढलं. चांगलं आहे. पान एकतीसवर लिहिलंय की दोष दिसला की आधी काम करणाऱ्याला विचारा. तिथे तुझ्या हातची लाल रेघ आहे. तू इतका शिकलास, सायोकोनं तिन्ही पुस्तकं वाचली, पण ‘बाबा, असं का होतंय?’ हे मला दोघांपैकी एकानंही विचारलं नाही. मी दहा दिवस वाट पाहिली.

लोभ आहे. तो मोजू नकोस, येऊन जा.
बाबा