भुऱ्याला चांदवडला नेतोय

बाबा,

आज सकाळी आपला भुऱ्या गेला. तुम्ही कळवणहून येईपर्यंत थांबायचं होतं, पण या उन्हात त्याला ठेवता येईना, आणि फोनवर सांगायचा मला धीर झाला नाही. मी आणि दीपक त्याला चांदवडच्या मळ्यात पुरायला नेतोय. शेवटी तो तुमच्याच कॉटखाली जाऊन झोपला. डॉक्टर म्हणाले, "त्याला त्रास नाही झाला."

भात झाकून ठेवलाय, दोन घास तरी खा.

दुपारी माझ्या नव्या पुस्तकाच्या छापील प्रतींचे खोके येतील, ते आत घ्या. आई गेल्यावर तुम्ही पहिल्यांदा बोललात ते कुत्र्याशी, हे मी त्यात लिहिलंय. शेवटच्या पानावर भुऱ्या दारात तुमची वाट बघत बसलाय. ते पान मी पुढच्या आवृत्तीतही बदलणार नाही.

तेजस्विनी