न्हाणीतली बादली

रेणापूर,
मंगळवार

प्रिय मनू,

रविवारी दहा मिनिटांपैकी सहाच मिनिटं बोललीस आणि फोन रेक्टरबाईंना परत दिलास. तुमच्या नांदेडच्या क्लासच्या होस्टेलात पुढचा फोन थेट रविवारी, म्हणून हे पत्र. बाबांनी तुझे रिपोर्ट कपाटात नीट लावून ठेवलेत. सोनोग्राफी चांगली, रक्त चांगलं. तरीही दर टेस्टच्या आधी तुला उलटी होते, पोटात पीळ पडतो, पेन धरवत नाही. डॉक्टर म्हणाले, काही नाही. त्या 'काही नाही'बद्दलच मला तुझ्याशी बोलायचं आहे.

मी न्हाणीची कडी लावत नाही, दाराला भरलेली बादली टेकवते, हे तू लहानपणापासून बघतेस. त्यावरून तू आणि बाबा मला किती चिडवता. पाहुणे आले की बाबा बिचारे न्हाणीसमोर खुर्ची टाकून पेपर वाचत बसतात. कडी गंजली आहे असं मी सांगत आले. कडी चांगली आहे गं.

भूकंप झाला तेव्हा मी बारावीला होते, लातूरला खोली करून. तेव्हाही गावोगावची पोरं तिथं शिकायला यायची, फक्त क्लासच्या एवढ्या पाट्या नव्हत्या. पहाटे घर हललं, दाराची चौकट दबली आणि कडी अडकून बसली. मी आणि माझी मैत्रीण सिंधु, दोघी आत. घरमालकांनी पहारीने दार उचकटेपर्यंत अर्धा तास गेला असेल. आम्हाला खरचटलंसुद्धा नाही. तिकडे किल्लारीकडे माणसं गाडली गेली होती, तिथं आमच्या अर्ध्या तासाचं काय एवढं, असं मलाही वाटलं. सिंधु आठ दिवसांत हसायला लागली. मला जमलं नाही. प्रॅक्टिकलला ब्युरेटची तोटी धरली की हात कापायचा. छातीत धडधड, घास उतरायचा नाही, वेणी घालताना केसांचा पुंजका हातात यायचा. चार महिने पाळी आली नाही. एकच पान दहादा वाचायचे आणि डोक्यात काही राहायचं नाही. माझे आबा देगलूरहून आले, त्यांनी लातूरच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. तेही म्हणाले, काही नाही. घरी आल्यावर आबा एकच वाक्य बोलले, ते पुढे सांगते. फिजिक्सच्या पेपरला मी गेलेच नाही.

पुढच्या वर्षी कशीबशी बारावी काढली, डी.एड. केलं, मास्तरीण झाले. त्याचं वाईट वाटत नाही, पहिलीची पोरं मला लई आवडतात. पण आबांवरचा राग काही गेला नाही. तू आजोळी जायचं म्हणून नाचायचीस आणि मला देगलूरची एसटी दिसली की पोटात आग पडायची. मी मिरचीला दोष दिला, चहा सोडला, पित्ताच्या गोळ्या पर्समध्ये ठेवायला लागले. रागाचं नाव एकदाही घेतलं नाही. आबा गेले त्या वर्षी गोळ्या कमी व्हायच्या तर वाढल्याच. भांडायलाही माणूस उरलं नव्हतं.

आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सरजाबाई तुला माहीत आहेत. त्यांचं घर भूकंपात गेलं, तेव्हापासून त्या इथं भावाकडे राहतात. मागच्या पावसाळ्यात वर्गाचं दार फुगून बसलं आणि मी आत एकटी. पोरांनी ढकलून उघडलं तोवर मी घामाने भिजले होते. सरजाबाईंनी पाणी दिलं, काय झालं म्हणून उगं विचारत बसल्या नाहीत. म्हणाल्या, बाई, मी बी अजून भिंतीकडं डोकं करून झोपत न्हाई. बस, एवढंच. त्यांची भांडी घासून होईपर्यंत मी त्यांना सगळं सांगून टाकलं, पहिल्यांदाच. घरी येऊन बाबांना सांगितलं. पित्त त्याच दिवशी पळालं असं नाही, पण हल्ली चार-चार दिवस गोळीची आठवण होत नाही.

आता ते वाक्य. आबा म्हणाले होते, सोंगं पुरे झाली. आणि रविवारी सहाव्या मिनिटाला मी तुला तेच म्हणाले. एक शब्दसुद्धा बदलला नाही. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं आणि तेव्हापासून मला माझीच लाज वाटते आहे. आबांनी ते वाक्य कधी परत घेतलं नाही. मी घेते. मनू, तुझं दुखणं खरं आहे. रिपोर्टात दिसलं नाही तरी खरं आहे. शनिवारी सकाळच्या गाडीने मी येते. तिथल्या एका मनाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, आपल्या दोघींसाठी. रविवारच्या टेस्टला बसायचं की नाही ते तू ठरव, पुढं ही बॅच करायची की नाही तेही तूच ठरव. बाबांशी बोलले आहे. आज सकाळी मी न्हाणीची कडी लावून पाहिली. दहापर्यंत मोजलं आणि काढली. बादली अजून तिथंच आहे.

तुझीच,
आई