मंगळवारी आलेलं पत्र

रविवार, ६ जून

चि. सौ. ठकूस अ. उ. आ.

तुझं पत्र बुधवारी आलं, आज उघडलं. हसू नकोस. हातात काम असताना पत्र वाचलं की माप चुकतं, हे अण्णांचं म्हणणं माझ्या अंगात मुरलंय. त्यांनी जन्मभर दवाखान्यात औषधं कालवली, मी प्रयोगशाळेत माशांची अंडी मोजते. आठवड्याची मोजणी संपेपर्यंत पाकिटाला हात नाही.

दिवसभर भिंगातून काय बघतेस, असं विचारलंयस. ही अंडी काचेसारखी आरपार असतात. आतल्या एकेका पेशीत अख्खा मासा लिहिलेला असतो, डोळा, कान, काळीज, सगळं. पण डोळ्याची पेशी कानाची पानं उघडत नाही. कुठली जनुकं कधी उघडायची नि कधी मिटायची, हे आजूबाजूच्या पेशींकडून निरोप येतात त्यावर ठरतं. त्यातला एक निरोप म्हणजे 'अ' जीवनसत्त्वापासून होणारं आम्ल. आम्ही ते थेंबभर जास्त घालून बघतो. कान घडायच्या वेळी घातलं तर कानाची जागा सपाट राहते. कान घडून गेल्यावर घातलं तर पिल्लू खुशाल पोहतं. परवा मी सपाट जागेची चाळीस पिल्लं मोजली. घरी येऊन जेवण गेलं नाही.

चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांचं रडगाणं वाचलं. लग्नाला वर्ष झालं, आता त्या डोंगरात कुणाला दाखवायचाय चेहरा? आमच्या बोगदेवाल्या जावयांना आशीर्वाद. लोभ असू दे, तक्रारीही असू देत.

तुझी ताई

शनिवार, १२ जून

ती. ताईस शि. सा. न.

बस खाली आधी. पाळी दहा दिवस चुकलीय! माझी कधी एक दिवससुद्धा चुकत नाही, तुला ठाऊक आहे. ह्यांना सांगितलं तर ह्यांनी बोगद्याच्या नकाशावर चहा सांडला आणि तो पुसायच्या ऐवजी माझ्याकडेच बघत बसले. डॉक्टरीणबाई पंधरवड्यातून एकदा जीपने येतात, तोवर कुणाला सांगायचं नाही असं ठरलंय. तू धरून दोघांनाच सांगितलंय, दुसऱ्या शेजारीणबाई.

तुझ्या पिल्लांचं वाचून अंगावर काटा आला गं. पण आता गंमतही वाटते. माझ्या पोटात या घटकेला कुठलं पान उघडत असेल?

आणि चेहरा म्हणशील तर या आठवड्यात एकदम लख्ख झालाय! अण्णांचा पत्र्याचा डबा मी येताना उचलून आणला होता ना, त्यात तू ठेवलेल्या गोळ्या सापडल्या. वर तुझ्याच अक्षरात 'चेहऱ्यासाठी, दिवसाला दोन'. महिनाभर घेतेय, अजून बऱ्याच आहेत. तेवढं एक काम तू आयुष्यात चांगलं केलंस. मावशीबाई, माया पातळ करू नका.

तुझी ठकू

रविवार, २० जून

ठकू,

तार मिळाली असेल. नसेल तर हे वाचताक्षणी गोळ्या बंद कर. एकही घेऊ नकोस.

त्या गोळ्या आणि माझ्या काचेतलं आम्ल एकाच जातीचं आहे. मला देताना डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं की गोळ्या चालू असताना दिवस राहता कामा नयेत. मी बिनलग्नाची. तो इशारा माझ्या कामाचा नव्हता, म्हणून डब्यावर लिहिला नाही. अण्णांनी लिहिला असता.

पुढचं लिहायलाच हवं. तुझं पत्र मंगळवारी आलं. पाच दिवस माझ्या टेबलावर पडून होतं आणि मी शेजारी बसून अंडी मोजत होते. पाच दिवसांच्या दहा गोळ्या होतात. माणसाचे कान आणि काळीज घडायचे दिवस हेच.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांग, काही लपवू नकोस. काय करायचं ते तुम्ही दोघं ठरवा, मी बोल लावणार नाही. मला शिव्या घाल, पण लिही.

ताई

मंगळवार, २९ जून

ती. ताईस,

तार मिळाली. उरलेल्या गोळ्या पुरून टाकल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छातीठोक काहीच सांगता येत नाही. ठेवायचं का, असंही विचारलं. हे म्हणाले, तू म्हणशील तसं. मी ठेवायचं म्हणाले.

तुझ्यावर रागावलेय, खोटं कशाला बोलू? गोळ्या मी आपल्या हाताने खाल्ल्या, ते कळतं. पण ते पाच दिवस मनातून जात नाहीत. बाळ होईपर्यंत लिहिणार नाही.

ठकू

सोमवार, ११ ऑक्टोबर

चि. ठकूस,

तुझ्या त्या पत्रानंतरचं हे माझं सहावं पत्र. उत्तर नको देऊस, नुसतं ठेव. हल्ली टपालवाला दिसला की मी जिन्यातच पाकीट फोडते, विजेचं बिलसुद्धा. साहेब म्हणतात, तुमच्या मोजणीत चुका व्हायला लागल्यात. होऊ देत. काचेत बघायला बसले की मला नुसते कान दिसतात.

तुझी ताई

गुरुवार, ७ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न.

मुलगा आहे. दोन महिन्यांचा झाला. लिहायला धीर होत नव्हता. काळीज ठणठणीत आहे, डॉक्टरांनी तीनदा तपासलं. कान नाहीत. त्या जागी दोन चुण्या आहेत, आणि आतही काही घडलेलं नाही म्हणाले. मी त्याच्या उशाशी ताट आपटून पाहिलं. ह्यांनी बोगद्यावरची शिट्टी आणून फुंकली. तो ह्यांच्या मिशीकडे बघून हसला. मग हे बाहेर जाऊन रडले.

राग गेलाय असं नाही. पण तुझी सगळी पत्रं काल एका बैठकीत वाचली. तू ये. नाक तुझं आहे त्याचं, आपटून घेतल्यासारखं.

याच्याशी आपल्याला हातवारे करून, नाहीतर लिहूनच बोलावं लागणार. पाचसहा वर्षांत अक्षरं गिरवायला लागेल, मावशीला पत्र धाडेल. ते, वार कुठलाही असो, आलं त्याच दिवशी उघड.

तुझी ठकू