चौकातल्या कडुनिंबाची व्यवस्था

मी, मधुसूदन केशव पांढरीपांडे, वय ७६, व्यवसाय वास्तुरचना, राहणार हुडकेश्वर, नागपूर, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण पुतण्या पुष्कर उद्या नेमकं तेच नाकारेल.

१. राहतं घर मुलगी नूपुर हिला. कुलपं नुकतीच बदलली आहेत, किल्ल्या वकिलांकडे.

२. वर्धा रोडवरील ‘निंबछाया’ ही कचेऱ्यांची इमारत मी रचली. मधोमध उघडा चौक, त्यात आधीपासूनचा कडुनिंब, मजल्यामजल्याला वेलींचे सज्जे. सगळ्यांनी डबे चौकातच उघडावेत म्हणून एकाही मजल्यावर जेवणाची खोली काढली नाही. तेव्हा लोकांनी मला वेड्यात काढलं. आता भर मे महिन्यातही तिथे बसायला जागा मिळत नाही.

३. तिथली माझी केबिन भागीदार या नात्याने पुष्करला. माझ्या मालकीचा चौक मात्र त्याला नाही. त्याला वर काच टाकून खाली दुकानं काढायची आहेत. या उन्हाळ्यात झाड एका अंगाने वाळू लागलं. बुंध्याला ड्रिलचं भोक दिसलं. नाक लावलं, तर हिंगाचा वास. बुंध्यात हिंग भरला की झाड मरतं म्हणतात.

विचारलं, तर म्हणतो, “काका, भोक लायटिंगच्या माळेसाठी पाडलं. अन् वास कोणाच्या डब्यातल्या फोडणीचा असन. तुम्ही काहून माझ्यावरच शक करून राहिले?”

उत्तर चोख आहे. म्हणूनच मला ते पटत नाही.

४. झाड मेलं तर केबिन नूपुरकडे जाईल, असं आधीच्या मसुद्यात होतं. मग मनात आलं, हिंग नूपुरच्या घरीही असतो. पोटच्या मुलीबद्दल असं मनात आलं याची फार लाज वाटली. ते कलम रद्द.

५. सबब चौक व कडुनिंब तिथल्या सर्व कचेऱ्यांच्या संस्थेला, समाईक मालकीने. एकाचाही नकार असेल तर विक्री नाही, छत नाही. झाड गेलंच तर दुसरं लावावं.

यात पुष्करचाही वाटा येतो, हे मला ठाऊक आहे. माझ्यामागे दुपारी त्याच्या शेजारी कुणीतरी बसावं. आईवेगळं पोर, लहानपणापासून माझ्याच ताटात जेवलं. त्याला एकट्याने घास गिळवत नाही.

नागपूर, १२ जून २०२५
(सही) म. के. पांढरीपांडे

साक्षीदार (दोघांचीही कचेरी त्या इमारतीत नाही, खात्री केली आहे):
१. डॉ. विहंग देवपुजारी (सही)
२. अ‍ॅड. मिनल ठाकरे (सही)