डोक्यातले राखणदार

बाबा,

आज जेवताना शेजारी बसलेल्या बाईने ताटातच माशाचा काटा थुंकला आणि मला तुझी किळस आली. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी! तूही असाच थुंकायचास. कालवणाच्या टोपात हात घालून तुकडे उचलायचास, आयला चारचौघांत घाण शिव्या द्यायचास आणि वर दात काढायचास. शिरगावात सगळे म्हणायचे, कंपनीचा पगार मिळायला लागला नि हा माजला. बोईसरला कंपनीत ट्रकमधलं पिंप तुझ्या डोक्यावर पडलेलं, ते सगळे सोयीने विसरले.

माझी पहिली आठवण त्याच दिवसाची. ठेकेदार तुला टाके घालून, चहा पाजून टेम्पोतून घरी पाठवतो, कंपनीत बोभाटा नको म्हणून. थू त्याच्यावर! आय मासळीच्या टोपलीतला उरलेला बर्फ फडक्यात बांधून तुझ्या डोक्याला लावते. आजा तो हिसकावून अंगणात फेकतो. "माणूस हाय का पापलेट? सर्दी डोक्यात जाईल!" मग तापल्या विटेचा शेक, वर दारू.

आता मी मुंबईत प्रयोगशाळेत कामाला आहे, उंदरांच्या मेंदूचे काप काचेवर लावते. मेंदूत राखणदार पेशी असतात, बाबा. मार बसला की धावून येतात, मेलेलं खाऊन साफ करतात. पण कधी कधी थांबतच नाहीत मेल्या, चांगलंही कुरतडत बसतात, नि माणसाचा स्वभावच बदलतो. उंदराला लगेच गार ठेवलं तर जरा निवतात. आयच्या बर्फाचं मी प्रयोगशाळेतल्या मॅडमना विचारलं. "फडक्यातला बर्फ मेंदूपर्यंत काय पोचणार गं?" म्हणाल्या. म्हणजे आजाच्या नावाने बोटं मोडायचीही सोय राहिली नाही.

हे सगळं आयला समजावलं तर ती ढसाढसा रडली. "तो असा नव्हता गं. आमी त्याला माजला म्हटला. कामावरनं आला की तुला खांद्यावर घेऊन खाडीवर जायचा, तुला नाय आठवत?"

नाही आठवत. खूप आठवून पाहिलं. हे पत्र कुठे टाकणार, आणि पत्ता असता तरी टाकलं नसतं. आयचा नवरा चांगला होता, मानलं. मला तो भेटलाच नाही. मला भेटलास तो पिंप पडल्यानंतरचा, आणि तुझा दोष नव्हता हे कळूनही तुझी किळस जात नाही, बाबा.